ऑगस्टची बॅच : पॉलिमरच्या पेशीपटलाचा एक प्रकरण अभ्यास

डिसेंबरमधली दुपार होती. खिडक्यांवर काळे कागद चिकटवून आम्ही प्रयोगशाळेत अंधार केला होता. काचेच्या बारीक स्तंभात सेफाडेक्स, म्हणजे मोठे कण पुढे सोडून लहान रेणू मागे ठेवणारे जेलचे मणी, भरलेले आणि वर हातात धरलेला यूव्ही दिवा. माझ्या विद्यार्थिनीने स्तंभाच्या डोक्यावर तिचं दुधाळ द्रावण सोडलं. दुधाळ पट्टा पुढे सरकला आणि त्याच्यामागे रेंगाळत हिरवट कॅल्सीन, यूव्हीखाली चमकणारा रंग. पुढच्या पट्ट्यात चमक दिसायला हवी होती, कारण आमच्या समजुतीप्रमाणे तो पॉलिमरच्या पिशव्यांचा पट्टा होता आणि त्या पिशव्यांत कॅल्सीन कोंडलेलं होतं. पट्टा पूर्ण काळा राहिला. सगळी चमक मागे, मोकळ्या रंगात. तिने दिवा बंद केला आणि थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही.

तोवर आमच्या वहीत सगळं बरोबर होतं. एनएमआरचे, म्हणजे रेणूत कोणते घटक किती आहेत ते सांगणाऱ्या चाचणीचे, आकडे हवे तसे आले होते. कणांचा आकार मोजला तेव्हा एकच सुबक शिखर मिळालं होतं. द्रावण दुधाळ होतं आणि चार महिने कष्टाचे गेले होते. तरीही हातात पिशवी नव्हती. हे का झालं, आम्हाला ते इतक्या उशिरा का कळलं आणि पुढे आम्ही काय केलं, त्याची ही नोंद आहे. छोट्या गावातल्या महाविद्यालयात असा प्रकल्प हाती घेणाऱ्यांचे चार महिने वाचावेत, एवढ्यासाठी लिहिते आहे.

विषय कुठून आला

महाविद्यालय तापीकाठच्या तालुक्याच्या गावात आहे आणि मी तिथे रसायनशास्त्र शिकवते. विद्यार्थिनी अक्राणी तालुक्यातली, एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. नंदुरबारच्या सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे आणि तिच्या घरातही तो आजार आहे. निरोगी लाल रक्तपेशी साधारण 120 दिवस जगते, सिकलसेलमधली बहुधा 10 ते 20 दिवसांत मोडते, हे ती पुस्तक न उघडता सांगायची. प्रकल्पाचा विषय निवडताना तिने विचारलं, "मॅडम, पेशीचं आवरण आपल्याला बनवता येईल का?"

आवरण बनवता येतं. मात्र ते बनवायचं म्हणजे आपण घटक द्यायचे आणि पाण्यात ते आपापले जुळून येतात. साबणाच्या धड्यात शाळेतच आपण शिकतो की रेणूचं एक टोक जलस्नेही असतं आणि दुसरं जलविरोधी. पेशीपटलातल्या, म्हणजे पेशीच्या आवरणातल्या, फॉस्फोलिपिड या चरबीच्या रेणूचंही तेच. पाण्यात टाकलं की जलविरोधी शेपट्या एकमेकींच्या आड दडतात, जलस्नेही डोकी दोन्हीकडून पाण्याला भिडतात आणि दुहेरी थर तयार होतो. थराच्या कडा उघड्या राहिल्या तर शेपट्या पुन्हा पाण्यात येणार. म्हणून थर वळतो, कडा कडेला जुळते आणि पिशवी बंद होते.

पटल दुहेरी असतं हे पहिल्यांदा 1925 साली नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी दाखवलं, तेही लाल रक्तपेशींवरूनच. पेशींतली चरबी काढून त्यांनी पाण्यावर पसरवली, तेव्हा ती पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट जागा व्यापते असं दिसलं. पुढे लक्षात आलं की त्यांनी चरबी पूर्ण काढलेली नव्हती आणि पेशींचा पृष्ठभागही कमी धरला होता. दोन चुका एकमेकींना खाऊन गेल्या आणि उत्तर बरोबर निघालं. त्या वर्षी ही गोष्ट वर्गात सांगताना मला कल्पना नव्हती की आमच्या प्रयोगशाळेतही दोन चुका शेजारी शेजारी बसल्या आहेत. आमच्या चुकांनी मात्र एकमेकींना खाल्लं नाही.

लिपिडच्या, म्हणजे या चरबीच्या, जागी पॉलिमर घेण्याची कल्पना त्यामानाने अलीकडची. दोन वेगळ्या स्वभावांच्या साखळ्या टोकाला टोक जोडल्या की त्याला ब्लॉक कोपॉलिमर म्हणतात. एक तुकडा पाणी पसंत करणारा, दुसरा न करणारा. 1995 साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात झँग आणि आयझेनबर्ग यांनी दाखवलं की अशा साखळ्या पाण्यात गोळे, दांडे, पिशव्या असे वेगवेगळे आकार घेतात आणि कोणता आकार येणार हे तुकड्यांच्या लांबीवर ठरतं. 1999 मध्ये डिशर, हॅमर, बेट्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा पिशव्यांची ताकद मोजली आणि त्यांना पॉलिमरसोम हे नाव रूढ झालं. लिपिडचं पटल 3 ते 5 नॅनोमीटर जाड असतं, त्यांच्या पॉलिमरचं सुमारे 8 होतं. लिपिडचं पटल क्षेत्रफळात साधारण 5 टक्के ताणलं की फाटतं, हे जवळपास 20 टक्क्यांपर्यंत टिकलं. पाणीही त्यातून सुमारे दहापट कमी झिरपत होतं.

जळगाव म्हणजे पीव्हीसी पाइप, ठिबकच्या नळ्या आणि प्लॅस्टिकच्या चटया. खान्देशात पॉलिमर हा शब्द कुणाला नवा नाही. पण पाण्यात सोडल्यावर स्वतःहून गुंडाळून पिशवी होणारं पॉलिमर म्हटलं की आमच्या मुलांचे डोळे मोठे होतात आणि त्यात मला नवल वाटत नाही. साच्यात ओतून किंवा यंत्रातून काढून ती पिशवी मिळत नाही. रेणूची लांबी जुळली तर ती होते, नाही तर होत नाही. आमचं सगळं प्रकरण या लांबीपाशीच अडलं.

काय ठरवलं, काय केलं

पॉलिब्युटाडाईनसारखं महाग तयार पॉलिमर घेणं आमच्या अंदाजपत्रकात बसत नव्हतं. म्हणून घरच्या घरी बनवता येईल ते निवडलं : जलस्नेही तुकडा पीईजी, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, रेणुभार 2000, आणि जलविरोधी तुकडा पॉलिकॅप्रोलॅक्टोन, म्हणजे पीसीएल, अपेक्षित भार 12000. हे जोडपं मी मनाने ठरवलेलं नव्हतं. 2006 साली पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या गटाने नेमक्या याच लांबीच्या साखळीतून पिशव्या मिळवल्या होत्या, आणि पीसीएल शरीरात हळूहळू विघटित होणारं असल्यामुळे त्यांचं काम महत्त्वाचं ठरलं. पिशवीसाठी जलस्नेही भाग साधारण 25 ते 45 टक्के हवा, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो. पीसीएलमध्ये तो चालत नाही, इथे 14 टक्के भागाने काम होतं. नियम पाठ करून बसलेल्या विद्यार्थ्याची इथेच पहिली गफलत होते.

कृती साधी आहे. पीईजी आणि कॅप्रोलॅक्टोन एकत्र घ्यायचं, स्टॅनस ऑक्टोएट या उत्प्रेरकाचे थेंब टाकायचे, नायट्रोजनखाली 120 ते 130 अंशांवर एक दिवस तापवायचं. पीईजीच्या टोकाचा हायड्रॉक्सिल गट कॅप्रोलॅक्टोनचं वर्तुळ उघडतो आणि साखळी एकेका घटकाने लांबत जाते. नंतर ते डायक्लोरोमिथेनमध्ये विरघळवून थंड ईथरमध्ये ओतलं की पांढरं पॉलिमर खाली बसतं.

आम्ही ही बॅच ऑगस्टमध्ये लावली. यामागे एक कारण होतं आणि ते तेव्हा शहाणपणाचं वाटलं होतं. डायएथिल ईथर 34.6 अंशांना उकळतो, डायक्लोरोमिथेन 40 च्या आसपास. आमच्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा सहज 43-44 वर जातो. पत्र्याखालच्या प्रयोगशाळेत ईथरची बाटली उघडायची म्हणजे झाकण हाताला उडतं आणि बाष्प सगळीकडे पसरतं. म्हणून ईथरचं काम पावसाळ्यात उरकायचं, हा आमचा वर्षानुवर्षांचा रिवाज. ईथरसाठी तो रिवाज योग्यच आहे. पण पीईजीचा कोणी विचार केला नव्हता.

सप्टेंबरमध्ये नमुना एनएमआरला पाठवला. 3.65 पीपीएमला पीईजीचं शिखर, 4.06 ला पीसीएलचं. दोन्हींच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर काढलं तर एका पीईजीमागे कॅप्रोलॅक्टोनचे शंभराहून थोडे जास्त घटक, म्हणजे पीसीएल 12000 च्या जवळ. तिने वहीत त्या आकड्याभोवती लाल गोल केला. मीही सही केली.

पिशव्या बनवण्यासाठी पॉलिमरचा पातळ थर काचेच्या फ्लास्कमध्ये वाळवायचा आणि त्यावर कॅल्सीनचं पाणी सोडायचं. थर फुगतो, सुटतो आणि आपोआप गुंडाळतो. हे तिने 45 अंशांवर केलं. हा आकडा आमच्या जुन्या लिपोसोमच्या, म्हणजे लिपिडच्या पिशव्यांच्या, प्रयोगातून जसाच्या तसा आला होता. सोयाबीनच्या लेसिथिनची शेपटी खोलीच्या तापमानालाही द्रवासारखी हलती असते, त्याला 45 अंश पुरून उरतात. पीसीएल मात्र सुमारे 60 अंशांपर्यंत स्फटिकांत बांधलेलं असतं. 45 अंशांच्या पाण्यात ते थरातून पदरासारखं न सुटता पापुद्र्यांनी निघालं. ते पापुद्रे तिने सोनिकेटरमध्ये, म्हणजे ध्वनिलहरींच्या यंत्रात, हलवून बारीक केले, तेव्हा दुधाळ द्रावण मिळालं. दुसऱ्या गावातल्या फार्मसी कॉलेजात आकार मोजून आणला, तर एकच शिखर, दीडशे नॅनोमीटरच्या आसपास. बसमधून परतताना तिने मला फोन केला आणि तिचा आवाज मला अजून आठवतो.

त्या आकड्याबद्दल इथे थांबून सांगायला हवं, कारण या क्षेत्रात सगळ्यात जास्त फसगत त्यानेच होते असं माझं ठाम मत झालं आहे. हे यंत्र कण बघतच नाही. कण पाण्यात किती चपळाईने थरथरतो ते प्रकाशाच्या लुकलुकण्यावरून ओळखतं आणि त्यावरून त्याचा व्यास काढतं. कण पोकळ आहे की भरीव, हे त्याला सांगता येत नाही. दीडशे नॅनोमीटरची पिशवी आणि तेवढाच पीसीएलचा भरीव गोळा त्याच्या लेखी सारखेच. पटल ओळखायचं तर आत काही राहतं का आणि बाहेर काही थांबतं का, हेच विचारावं लागतं. हा प्रश्न आम्ही डिसेंबरात पहिल्यांदा विचारला. तो ऑक्टोबरातच विचारायचा होता.

तपास

स्तंभ काळा राहिला त्या दिवशी माझा पहिला संशय तापमानावर गेला, आणि तो चुकीचा नव्हता. तिने ऑगस्टच्याच पॉलिमरचा नवा थर घेऊन या वेळी 65 अंशांवर पाणी सोडलं आणि रात्रभर ढवळलं. मध्ये दोन तास वीज गेली, तेवढा वेळ फ्लास्क गरम पाण्याच्या थर्मासमध्ये ठेवला. सकाळी पापुद्रे नव्हते, द्रावण जास्त एकजीव होतं. स्तंभावर मात्र दुधाळ पट्टा पुन्हा काळाच.

म्हणजे तापमानाची चूक होती, पण तेवढीच नव्हती. तिने विचारलं, "मॅडम, पॉलिमरच वेगळं असेल तर?" मी एनएमआरचा कागद पुढे केला. बारा हजार. ती म्हणाली, "पण यात फक्त एकूण दिसतं ना?"

सगळी उकल त्या प्रश्नात होती आणि तो तिला सुचला, मला नाही. एनएमआर एकूण पीईजी आणि एकूण पीसीएल मोजतो. ते पीसीएल पीईजीला जोडलेलं आहे की शेजारी सुटं पडलं आहे, हे त्या दोन शिखरांच्या गुणोत्तरातून कळत नाही.

सुटं पीसीएल कुठून येणार? कॅप्रोलॅक्टोनचं वर्तुळ उघडायला हायड्रॉक्सिल गट लागतो. तो पीईजीच्या टोकाला असतो, तसा पाण्यातही असतो. भांड्यात पाणी असेल तर पाण्यावरूनही साखळी सुरू होते आणि तिला जलस्नेही तुकडाच नसतो. आम्ही फळ्यावर हिशोब मांडला. 2000 ग्रॅम पीईजी म्हणजे एक मोल. त्यात वजनाने फक्त 1 टक्का ओल धरा. ते 20 ग्रॅम पाणी झालं. पाण्याचा एक मोल 18 ग्रॅमचा, म्हणजे हे 1.1 मोल. एक टक्का ओल असली की साखळी सुरू करणारे पाण्याचे रेणू पीईजीच्या रेणूंपेक्षा जास्त भरतात! कॅप्रोलॅक्टोनचे 12000 ग्रॅम सगळ्यांत सारखे वाटले गेले असं धरलं, तर प्रत्येक साखळीच्या वाट्याला 5700 च्या आसपास येतात. पीईजीला जोडलेला तुकडा ठरवल्याच्या निम्म्याहून लहान, आणि उरलेलं सगळं सुटं पीसीएल. खऱ्या जोडसाखळीत जलस्नेही भाग 14 टक्क्यांवरून 26 टक्क्यांवर. एनएमआरचं एकूण गुणोत्तर मात्र जसंच्या तसं, कारण पीसीएल कुठेही गेलेलं नाही.

लांबी अशी घसरली की आकारही बदलतो. जलविरोधी तुकडा आखूड झाला की डोकं शेपटीच्या मानाने रुंद ठरतं आणि रेणू पाचरीसारखा होतो. पाचरी शेजारी शेजारी लावल्या तर सपाट थर होत नाही, गोळा किंवा दांडा होतो. त्यात भर म्हणून सुटं पीसीएल. त्याला पाणी अजिबात नको, मग ते त्या गोळ्यांच्या पोटात शिरून भरीव कण बनवतं. आमचं दुधाळ द्रावण हेच असणार. ईथरने शुद्ध करताना हे वेगळं निघालं नाही, कारण थंड ईथरमध्ये दोन्ही सारखीच खाली बसतात.

हा फळ्यावरचा हिशोब होता, पुरावा नव्हता. पुरावा दोन ठिकाणांहून आला. नमुना जीपीसी या चाचणीला पाठवला. तिथे साखळ्या आकारानुसार वेगळ्या होतात. परत आलेलं शिखर रुंद होतं, अपेक्षेपेक्षा हलक्या साखळ्यांच्या बाजूला सरकलेलं आणि एका कडेला खांदा असलेलं. एकाच प्रकारची साखळी असती तर ते अरुंद असतं.

दुसरा पुरावा कपाटातच होता. पीईजीची बाटली आम्ही डेसिकेटरमध्ये, म्हणजे वस्तू कोरडी ठेवणाऱ्या बंद भांड्यात, ठेवत होतो आणि म्हणून ती कोरडी आहे असं धरून चाललो होतो. आमचे प्रयोगशाळा सहायक, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांनी डेसिकेटर बाहेर काढला आणि तळाकडे बोट दाखवलं. "मॅडम, या दाना गुलाबी व्हयी ग्यात ना!" सिलिका जेलचे निळे दाणे ओल पिऊन पिऊन केव्हाच गुलाबी झाले होते. सगळा पावसाळा त्यांनी काही शोषलेलं नव्हतं. पीईजी ओलीचं भुकेलं असतं, मेणासारखे पांढरे पापुद्रे दिसायला कोरडेच राहतात. तो डेसिकेटर रोज माझ्या टेबलासमोर असायचा. दाण्यांचा रंग बघायला दोन सेकंद लागतात आणि ते काम माझं होतं.

मग तिने त्याच बाटलीतलं 20 ग्रॅम पीईजी टोल्युईनमध्ये विरघळवून डीन-स्टार्क उपकरणावर लावलं. टोल्युईन आणि पाणी मिळून 85 अंशांच्या जवळपास उकळतात, तर नुसतं टोल्युईन 110 च्या वर. त्यामुळे टोल्युईन पाण्याला ओढून वर नेतं, कंडेन्सरमध्ये दोन्ही थंड होतात आणि अंशांकित नळीत पाणी तळाला बसतं. पहिल्या अर्ध्या तासात वरून पडणारं टोल्युईन नुसतं गढूळ दिसत होतं. मग नळीच्या तळाशी एक थेंब गोल होऊन बसला, त्याला दुसरा येऊन मिळाला, आणि शेवटी 0.2 मिलीच्या रेघेला किंचित कमी अशी स्वच्छ पाण्याची पातळी दिसली. 20 ग्रॅममध्ये 0.2 मिली म्हणजे 1 टक्का. ऑगस्टमध्ये बाटलीत नेमकी किती ओल होती हे जानेवारीच्या मोजणीने सिद्ध होत नाही, हे मी तिला नोंदवायला लावलं. पण साखळी बिघडवायला किती पाणी पुरतं आणि आमच्या बाटलीत किती होतं, हे दोन्ही आकडे आता समोरासमोर होते.

दुसरी बॅच

संक्रांतीनंतर खान्देशातली हवा कोरडी असते. ओठ फुटतात, कपडे तासाभरात वाळतात. ईथरसाठीही अजून गारवा होता. याच दिवसांत दुसरी बॅच लावायची ठरली.

पीईजी टोल्युईनबरोबर उकळत ठेवलं ते थर्मामीटर 110 वर स्थिर होईपर्यंत आणि नळीत नवा थेंब यायचा थांबेपर्यंत. कॅप्रोलॅक्टोन कॅल्शियम हायड्राइडवर रात्रभर ठेवून कमी दाबाखाली ऊर्ध्वपातित केलं. काच 120 अंशांच्या ओव्हनमधून काढून गरम असतानाच जोडली. सिलिका जेल तापवून पुन्हा निळी केली. या सगळ्यात नवं रसायन कोणतंच नाही. पहिल्या वेळी हे का झालं नाही, याला माझ्याकडे एकच उत्तर आहे : ओल आहे की नाही ते बघण्याऐवजी आम्ही ती नाही असं धरलं.

या बॅचचं जीपीसीचं शिखर अरुंद आलं, जड बाजूला, खांद्याशिवाय. एनएमआरचा आकडा ऑगस्टच्या आकड्याशी जवळपास जुळत होता. दोन्ही कागद तिने वहीत शेजारी शेजारी चिकटवले आहेत. पुढच्या मुलांना मी तेच पान उघडून दाखवते.

थर, 65 अंश, रात्रभर ढवळणं. पुन्हा काळे कागद, पुन्हा स्तंभ. या वेळी दुधाळ पट्टा पुढे सरकला तेव्हा त्यात मंद, गढूळ, नारिंगीकडे झुकणारा रंग होता. तिला वाटलं पुन्हा फसलं, कारण मोकळं कॅल्सीन मागे लखलखत होतं आणि हा पट्टा त्याच्यापुढे फिका. पण आपण कॅल्सीन दाट भरलं होतं. दाट कोंडलेले कॅल्सीनचे रेणू एकमेकांची चमक गिळतात. ते खरोखर कोंडलेले असतील तर बाहेर सोडल्यावर उजळायला हवेत. तिने पट्ट्यातलं द्रावण दोन नळ्यांत घेतलं आणि एकीत ट्रायटॉन हे साबणासारखं द्रव्य टाकलं. लेसिथिनच्या पिशव्या ट्रायटॉनने लगेच फुटतात, इथे काहीच घडलं नाही. पॉलिमरचं पटल या साबणाला चिवटपणे तोंड देतं. मग दोन्ही नळ्या 65 अंशांच्या पाण्यात ठेवल्या. ट्रायटॉनची नळी हळूहळू, डोळ्यांसमोर, पोपटी होत गेली. शेजारची नळी मंदच राहिली. ऑगस्टच्या बॅचवर हेच करून पाहिलं तेव्हा दोन्ही नळ्यांत काही फरक पडला नव्हता.

अण्णा दारात उभे होते. म्हणाले, "काय व्हयनं, ताई?" तिने फक्त नळी वर धरून दाखवली.

मार्चमध्ये प्राणिशास्त्र विभागाच्या सूक्ष्मदर्शकाखाली मोठ्या पिशव्याही पाहिल्या. त्यासाठी थर न ढवळता, गरम पाण्यात नुसता फुगू द्यायचा. आतल्या पाण्यात सुक्रोज आणि बाहेर त्याच प्रमाणात ग्लुकोज ठेवलं. दोन्हीकडचा दाब सारखा राहतो, पण सुक्रोज जड असल्यामुळे पिशव्या तळाला बसतात आणि शोधायला सोप्या जातात. थरात थोडा नाइल रेड मिसळला होता. तो पाण्यात मुका आणि जलविरोधी जागी लाल चमकतो. भरीव गोळा असता तर लाल ठिपका दिसला असता. तिला लाल कडं दिसलं, बारीक, पूर्ण गोल, आतून काळं. रक्तपेशीएवढं एक, त्याच्या शेजारी त्याहून मोठी दोन, आणि एकात दुसरं असलेलं एक, कांद्याच्या पापुद्र्यांसारखं. बराच वेळ तिने डोळा काढला नाही.

कोणत्या शीर्षकावर आमचं जुळलं नाही

प्रबंधाचं शीर्षक तिने "कृत्रिम रक्तपेशी" असं लिहून आणलं होतं. मी ते खोडलं. तिला वाईट वाटलं आणि का ते मला समजत होतं.

लाल रक्तपेशी म्हणजे नुसती पिशवी असती तर सिकलसेलचं दुखणं आवरणापुरतंच राहिलं असतं. तिथला दोष हिमोग्लोबिनमधला आहे, आवरण त्याची झळ सोसतं. आणि पटलाचं निम्मं काम अडवण्याचं असलं तरी उरलेलं निम्मं निवडून आत घेण्याचं असतं. आमच्या पॉलिमरच्या भिंतीला दार नाही. दार बसवता येतं, हे सिद्ध झालेलं आहे. पाण्याच्या वाहिन्या, अ‍ॅक्वापोरिन, यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना 2003 चं नोबेल मिळालं. 2007 मध्ये अमेरिकेत मनीष कुमार आणि सहकाऱ्यांनी जिवाणूंमधली अशी वाहिनी सिलिकॉनचा मधला तुकडा असलेल्या पॉलिमरच्या पिशवीत बसवली, तेव्हा पाण्याची ये-जा नुसत्या पॉलिमरच्या सुमारे 800 पट वाढली. निसर्गातल्यापेक्षा जाड पटलात प्रथिन टिकलं, कारण तो मधला तुकडा लवचिक आहे आणि प्रथिनाभोवती दबून जुळवून घेतो. खोलीच्या तापमानाला स्फटिकांत बांधलेलं आमचं पीसीएल तसं दबणार नाही. चिवटपणासाठी आम्ही जे निवडलं, तेच दारासाठी अडचणीचं आहे.

म्हणून शीर्षक झालं "पीईजी-पीसीएल पिशव्या : बनवण्याची पद्धत आणि पटल असल्याची खात्री". रुक्ष आहे, पण यातला प्रत्येक शब्द तिने नळीत दाखवला होता. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिला प्रश्न आकाराबद्दल विचारला. तिने आकाराचा आलेख बाजूला ठेवला आणि दोन नळ्यांचा फोटो पुढे केला.

एप्रिलमध्ये पिशव्या किती दिवस टिकतात ते पाहायचं होतं. लेसिथिनच्या पिशव्या सोबतीला ठेवल्या. भारनियमनात फ्रीज बंद पडत होता, खोलीत चाळीसच्या वर गेलं होतं. लेसिथिनचं द्रावण आठवड्यात वासाला लागलं आणि त्यात गुठळ्या आल्या. पॉलिमरच्या नळीत तळाला थोडा साका होता, हलवल्यावर तो मोडला, आणि स्तंभावर पट्टा अजून मंद नारिंगीच होता. दोन आठवड्यांनंतर तिची परीक्षा सुरू झाली आणि मोजणी तिथेच थांबली.

या वर्षी शिंदखेड्याचा एक मुलगा तिथून पुढे सुरू करतो आहे. त्याला पीसीएलच्या जागी थोडा मऊ तुकडा वापरून पाहायचा आहे. जुलैमध्ये तो पीईजीची नवी बाटली घेऊन आला, तेव्हा अण्णांनी आधी डेसिकेटर त्याच्यासमोर ठेवला. दाणे निळे होते. तरी त्याने 20 ग्रॅम मोजून डीन-स्टार्कवर लावलेच, आणि बाहेर पाऊस चालू असताना तो त्या नळीच्या तळाकडे बघत बसला.